विश्लेषण : नेसरीचे प्रतापराव गुजर वणीतही का आठवायला हवेत?

वणी म्हटले की सप्तशृंगी गडाची वाट, चैत्रात खानदेशातून पायी येणारे भाविक आणि द्राक्षबागा डोळ्यांसमोर येतात. (यवतमाळ जिल्ह्यातील वणी वेगळे, हे नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातील.) नाशिकहून दिंडोरीमार्गे वणीला जाताना लखमापूर फाट्याच्या आसपास कारखाने लागतात. पुढे द्राक्षांची पॅकहाऊस, शीतगृहे आणि बाजार समितीकडे निघालेल्या मालाच्या गाड्या दिसतात. याच पट्ट्यात १७ ऑक्टोबर १६७० रोजी मराठे आणि मोगल यांच्यात मोठी लढाई झाली. इतिहासाच्या पुस्तकांत ती वणी-दिंडोरीची लढाई म्हणून नोंदली गेली आहे. त्या दिवशी मराठी घोडदळाचे सरनोबत होते प्रतापराव गुजर. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो कोल्हापूर जिल्ह्यातील नेसरीच्या खिंडीतल्या मृत्यूमुळे. त्यांच्या कारकिर्दीतील दोन मोठ्या लढाया, वणी-दिंडोरी आणि साल्हेर, मात्र आजच्या नाशिक जिल्ह्यात झाल्या.

कुडतोजीचे प्रतापराव कसे झाले?

प्रतापरावांचे मूळ नाव कुडतोजी. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले भोसरे हे त्यांचे गाव मानले जाते. त्यांच्या तरुणपणाविषयी ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याचशा उत्तरकालीन आहेत. मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत एकट्याने घुसण्याची कथाही त्याच प्रकारची. चित्रपट आणि कादंबऱ्यांनी ती लोकप्रिय केली. समकालीन कागदांचा आधार घ्यायचा, तर त्यांची खरी ओळख सुरू होते ती १६६६ पासून.

ते वर्ष स्वराज्याला जड गेले होते. आदल्या वर्षी जूनमध्ये पुरंदरचा तह होऊन २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले होते. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला. त्या वेळी सरनोबत नेताजी पालकर वेळेवर पोहोचले नाहीत, म्हणून शिवाजी महाराजांनी त्यांना दूर केले. नेताजी आधी आदिलशाहीत आणि मग मोगलांकडे गेले. ज्या सेनापतीला लोक दुसरा शिवाजी मानत, तोच शत्रूच्या बाजूला गेल्यावर घोडदळाची सूत्रे कुडतोजी गुजरांकडे आली. प्रतापराव हा किताब महाराजांनी दिला, आणि पुढे मूळ नाव मागे पडून तोच नावासारखा रुळला.

सरनोबत म्हणजे घोडदळाचा प्रमुख. हे पद केवळ तलवार चालवणाऱ्याचे नव्हते. पागा आणि शिलेदार असे दोन्ही प्रकारचे स्वार सांभाळायचे, पावसाळ्यात घोड्यांच्या दाणावैरणीची सोय बघायची आणि दसऱ्यानंतर फौज मुलूखगिरीवर काढायची. आणलेल्या लुटीचा हिशेब सरकारात चोख द्यायचा, हेही त्याच कामात येई. नेताजींसारख्या माणसाच्या जागी बसून हे सारे करणे सोपे नव्हते.

शत्रूच्या छावणीत दोन वर्षे काय केले?

आग्र्याहून सुटून आल्यावर महाराजांनी मोगलांशी काही काळ शांतता ठेवली. संभाजीराजांना पाच हजारी मनसब मिळाली. तिच्या बदल्यात मराठी स्वारांची एक तुकडी शाहजादा मुअज्जमच्या चाकरीत औरंगाबादला ठेवावी लागली. तिचे नेतृत्व प्रतापरावांकडे होते, सोबत निराजी रावजी होते. खर्चासाठी वऱ्हाडात जहागीर मिळाली होती. १६६९ च्या अखेरीस औरंगजेबाने दोघांना कैद करण्याचा हुकूम काढल्याची खबर लागली आणि ही तुकडी औरंगाबादेतून निसटली. शाहजाद्यानेच आगाऊ सूचना दिली, असे सभासद बखर सांगते.

प्रतापरावांच्या चरित्रात या काळाला फारशी जागा मिळत नाही, पण पुढच्या घटना समजून घ्यायला तो महत्त्वाचा आहे. मोगलांची फौज कशी कूच करते, तोफखाना किती मागे राहतो, तळ उठायला किती वेळ लागतो, सरदारांचे आपसांत कितपत पटते, हे सारे या काळात त्यांना जवळून दिसले असणार. वऱ्हाड-खानदेशचे रस्ते आणि तिथल्या श्रीमंत पेठाही पायाखालून गेल्या. शांतता मोडल्यावर वर्षभरातच या माहितीचा उपयोग झाला.

सुरतेहून परतताना वाट वणीवरून का?

३ ऑक्टोबर १६७० रोजी महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर चालून गेले. तीन दिवसांनी फौज शहराबाहेर पडली. मोगलांनी नंतर केलेल्या चौकशीत लुटीचा आकडा ६६ लाख रुपये निघाला. इतका ऐवज ओझ्याच्या जनावरांवर लादून कोकणात न्यायचा, तर सुरतेच्या दक्षिणेची दाट जंगलाची वाट अवघड होती. त्यामुळे फौज बागलाणात चढली आणि मुल्हेरच्या बाजूने दक्षिणेकडे वळली. पुढे नाशिकचा मुलूख ओलांडून घाट उतरायचा, असा बेत होता.

आडवी होती ती सातमाळा रांग. चांदवडपासून अहिवंतापर्यंत पूर्व-पश्चिम पसरलेल्या या रांगेत राजदेहेर, इंद्राई, कांचन, धोडप, रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, सप्तशृंग, अहिवंत अशी शिखरांची आणि किल्ल्यांची माळ आहे. उत्तरेकडून येणाऱ्याला ती ओलांडायची तर खिंडी मोजक्याच. त्यांतली एक कांचन किल्ल्याजवळची. जुन्या लेखनात तिला कांचन-मांचनची खिंड म्हणतात आणि मराठीत कांचनबारी. बारी म्हणजे डोंगरातली खिंड किंवा घाटवाट. नाशिक-खानदेशात हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे. या खिंडीतून दक्षिणेला उतरले की दिंडोरी-वणीचे मोकळे पठार लागते.

मुअज्जमने सुरतेची बातमी कळताच दाऊदखान कुरेशी याला पाठवले. दाऊदखान कसलेला सरदार होता. १६६५ मध्ये मिर्झाराजांच्या स्वारीत तो पुरंदरला होता, म्हणजे मराठ्यांची लढण्याची पद्धत त्याला ठाऊक होती. तो चांदवडला पोहोचला. तिथे हेरांनी रात्री बातमी आणली, की शिवाजी महाराजांची अर्धी फौज खिंड ओलांडून नाशिकच्या रस्त्याला लागली आहे आणि उरलेली पिछाडी सांभाळत खिंडीपाशी थांबली आहे. दाऊदखानाने तसाच मध्यरात्री कूच केला.

१७ ऑक्टोबरला नेमके काय घडले?

या लढाईचे दोन बाजूंनी वर्णन मिळते. मोगली बाजूने भीमसेन सक्सेना या बुऱ्हाणपूरच्या कायस्थाने ती आपल्या फारसी आठवणींत नोंदवली. मराठी बाजूने कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला लिहिलेल्या बखरीत तिचा वृत्तांत आहे. दोघांचा सूर वेगळा आहे, आणि दोन्ही समोर ठेवून वाचल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

रात्रीच्या कूचात अंधारामुळे मोगली फौज विस्कळीत झाली. आघाडीला इखलासखान मियाना हा पठाण सरदार होता. पहाटे तो एका टेकाडावर चढला, तेव्हा समोर सुमारे दहा हजार मराठी स्वार लढाईच्या तयारीने उभे दिसले. हे दल प्रतापरावांच्या हाताखाली होते. बरोबर व्यंकोजी दत्तो आणि आनंदराव हे सरदार होते. इखलासखानाच्या माणसांची चिलखते अजून उंटांवर लादलेली होती, ती उतरवून घालायची होती. दाऊदखानाची मुख्य फौज मागे होती. इखलासखानाने कशाचीच वाट पाहिली नाही. मूठभर लोकांनिशी त्याने सरळ घोडे घातले, आणि तो जखमी होऊन घोड्यावरून खाली पडला.

दाऊदखान आल्यावर लढाई पेटली. मोगलांचे काही नामांकित लोक पडले. तोफखान्याचा दारोगा मुख्य फौजेपासून तुटला आणि मराठ्यांनी त्याला गाठले. मराठे एका जागी ठरून लढत नव्हते. मोगली फौजेभोवती घिरट्या घालायच्या, तुटलेला तुकडा दिसला की त्यावर पडायचे आणि मोठी फळी समोर आली की पांगायचे, असा त्यांचा खाक्या होता. मोगलांना सावरले ते बुंदेल्यांच्या बंदुकांनी. त्यांच्या माऱ्यामुळे दाऊदखानाची फौज पुरती मोडली नाही. संध्याकाळी मराठ्यांनी पुन्हा एक हल्ला केला, तो परतवला गेला. मग अंधारात मराठी फौज निघून गेली.

सभासद सांगतो ती लढाई दोन प्रहरांची. तीन हजार मोगल पडले, तीन-चार हजार घोडे हाती लागले, दोन वजीर धरले गेले आणि महाराज स्वतः चिलखत चढवून मैदानात उतरले, असे तो लिहितो. आकडे बखरीचे आहेत, त्यांत भर पडलेली असू शकते. दुसरीकडे, फौज टिकून राहिली यावरून मोगल बाजू मान राखल्याचा दावा करू शकते. खरा निकाल नकाशावर पाहावा. दाऊदखान आला होता तो सुरतेची लूट अडवायला. ती लूट कोकणात सुखरूप पोहोचली. दाऊदखानाने दुसऱ्या दिवशी मृतांचे दफन केले आणि पुढे महिनाभर तो नाशिकला बसून राहिला.

मराठ्यांच्या इतिहासात या दिवसाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. तोवर मराठे छापा घालून, किल्ल्याच्या आडून किंवा जंगलात गाठून लढतात, असा समज होता. वणी-दिंडोरीला उघड्या पठारावर, दिवसाउजेडी, नामांकित मोगल सेनापतीसमोर मराठी घोडदळ उभे राहिले, आणि ज्या कामासाठी उभे राहिले ते काम करून गेले.

मग लढाईची जागा नेमकी कोणती?

स्थानिक पातळीवर हा प्रश्न नेहमी निघतो. कोणी कांचनबारी सांगते, कोणी वणी, कोणी दिंडोरी. दिंडोरीजवळच्या रणतळे या जागेचे नावही या लढाईशी जोडले जाते. यांत एक खरे म्हणून बाकीची खोटी ठरवायची गरज नाही. रात्री चांदवडकडून निघालेली मोगली फौज, खिंड ओलांडून पुढे गेलेला लुटीचा तांडा, तो सुटावा म्हणून मागे थांबलेले दहा हजार स्वार आणि दिवसभराची घोडदौड हे सारे एका शेतात मावणारे नाही. घोडदळाची लढाई काही कोसांत पसरते. पानिपतासारखे एक मैदान दाखवून इथेच, असे म्हणण्याची सोय इथे नाही.

याच रांगेतल्या इंद्राई किल्ल्यावर मात्र एक नेमकी खूण आहे. १६३६ मध्ये मोगलांनी निजामशाहीकडून हे किल्ले घेतले, त्याची नोंद करणारा फारसी शिलालेख तिथल्या कातळात कोरलेला आहे. जिंकलेल्याची नोंद कातळावर ठेवायची, ही मोगली पद्धत. त्यानंतर ३४ वर्षांनी त्याच डोंगरांखाली मोगलांना जे पाहावे लागले, त्याची नोंद कागदावर राहिली. त्यातही गंमत अशी, की लढाईचा जास्त बारीक तपशील मिळतो तो मोगलांच्या पदरी असलेल्या भीमसेनाकडून.

वणीनंतर प्रतापराव कुठे गेले?

प्रतापरावांनी विश्रांती घेतली नाही. डिसेंबर १६७० मध्ये ते खानदेशात शिरले. बुऱ्हाणपूरच्या वेशीवरचे बहादुरपुरा लुटून ते वऱ्हाडात कारंज्याला धडकले. आज वाशीम जिल्ह्यात असलेले हे कारंजे तेव्हा मोठी पेठ होती. तिथला माल चार हजार बैल-गाढवांवर लादून नेल्याची नोंद आहे. औरंगाबादच्या चाकरीत पाहून ठेवलेला मुलूख असा उपयोगी पडला. परतताना वाटेतल्या गावांच्या पाटलांकडून चौथ देण्याचे लेखी कबुलीपत्र घेण्यात आले. पुढच्या शतकात मराठ्यांनी हिंदुस्थानभर जी चौथाई वसूल केली, तिची प्रत्यक्ष मोगली मुलखातली सुरुवात इतिहासकार या स्वारीपाशी धरतात.

त्याच सुमारास मोरोपंत पिंगळे यांनी वणीच्या डोक्यावरचे अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या हे किल्ले घेतले. १६७१ च्या आरंभी बागलाणातला साल्हेर मराठ्यांकडे आला. अहिवंत आणि मार्कंड्या मोगलांनी लवकरच परत मिळवले. या डोंगरांत किल्ले असे हात बदलत राहिले.

साल्हेर परत घेण्यासाठी मोगलांनी वेढा घातला. वेढ्याच्या प्रमुखांत होता वणीला घोड्यावरून पडलेला इखलासखान. महाराजांनी मोरोपंतांना कोकणातून आणि प्रतापरावांना वरघाटाकडून पाठवले. फेब्रुवारी १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याला तुंबळ लढाई झाली. राव अमरसिंह चंदावत मारला गेला, त्याचा मुलगा मुहकमसिंह आणि इखलासखान दोघेही कैद झाले. मराठ्यांकडचा सूर्यराव काकडे हा मोठा सरदार कामी आला. चार प्रहर चाललेल्या या लढाईत धुरळा एवढा उडाला, की आपला कोण आणि परका कोण हे ओळखेना, असे सभासदाचे वर्णन आहे. पाठोपाठ मुल्हेरही मराठ्यांनी घेतला.

पकडलेल्या सरदारांच्या जखमा बऱ्या झाल्यावर त्यांना मानाने सोडून देण्यात आले. ही गोष्ट पुढच्या प्रकरणाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

उमराणीला बहलोलखानाला का सोडले?

मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी मोजक्या माणसांनिशी पन्हाळा घेतला. तो परत मिळवायला विजापूरहून बहलोलखान निघाला. तोही मियाना पठाणच. प्रतापरावांना त्याला अडवण्याचा हुकूम झाला. विजापूरच्या पश्चिमेला उमराणीपाशी त्यांनी बहलोलखानाच्या फौजेला गाठले आणि तिचे पाणी तोडले. एप्रिलचे ऊन, दुष्काळी मुलूख, त्यात दिवसभराची लढाई. तहानेने फौज मेटाकुटीला आली तेव्हा बहलोलखानाने रदबदली केली, पुन्हा मराठ्यांवर चालून येणार नाही असे सांगितले आणि प्रतापरावांनी त्याला वाट दिली.

महाराजांना हे अजिबात पटले नाही. या निर्णयाला सहसा भोळेपणा किंवा उदारपणा म्हटले जाते. साल्हेरची आठवण ठेवली तर तो इतका अचानक वाटत नाही. तिथेही शत्रूचे सरदार सोडले गेलेच होते. फरक होता तो परिस्थितीत. साल्हेरला फौज आधी मोडली, छावणी लुटली गेली, मगच जखमी सरदारांना निरोप मिळाला. उमराणीला बहलोलखान परतला तो आपल्या फौजेसह आणि हत्यारांसह. सोडलेला माणूस परत येईल तेव्हा कशानिशी येईल, हा हिशेब प्रतापरावांकडून चुकला. अनुभवी सरनोबताकडून अशी चूक व्हावी, यामागे उन्हात तितकीच थकलेली स्वतःची फौजही असू शकते.

बहलोलखान काही महिन्यांतच पुन्हा सरसावला. दरम्यान प्रतापराव कर्नाटकात उतरून हुबळीपर्यंत गेले होते, पण त्या स्वारीने महाराजांचा राग गेला नाही. रायगडावर राज्याभिषेकाची तयारी सुरू होत होती आणि दक्षिणेकडच्या मुलखात बहलोलखान मोकळा फिरत होता. त्याची फौज मोडल्याशिवाय तोंड दाखवू नये, अशा आशयाचा कडक निरोप महाराजांनी सरनोबतांना पाठवला.

नेसरीला काय झाले?

२४ फेब्रुवारी १६७४. आजच्या गडहिंग्लज तालुक्यात, नेसरीजवळ दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत बहलोलखानाची फौज समोर आली. प्रतापरावांनी आपली फौज गोळा होण्याची वाट पाहिली नाही. सहा स्वारांसह ते पुढे धावून गेले आणि सातही जण मारले गेले. इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी याने त्या वर्षी एप्रिलमध्ये रायगडावरून पाठवलेल्या पत्रात ही घटना आली आहे. म्हणजे सात जणांची गोष्ट नंतर रचलेली नाही, ती घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत कागदावर आली होती. त्या सहा जणांच्या नावांच्या ज्या याद्या आज फिरतात, त्या मात्र एकमेकींशी जुळत नाहीत.

वणीचा दिवस माहीत असलेल्याला इथे थबकायला होते. टेकाडावर चढलेला इखलासखान, समोर दहा हजार स्वार, मागे राहिलेली फौज, उंटांवरची चिलखते आणि तरीही घातलेला घोडा. त्या उतावळेपणाची किंमत काय असते, हे प्रतापरावांनी समोरच्या बाजूने पाहिले होते. त्याचा फायदाही त्यांनीच उठवला होता. साडेतीन वर्षेही झाली नव्हती. नेसरीला त्यांनी तेच केले. युद्धकौशल्याच्या दृष्टीने याला समर्थन नाही, आणि प्रतापरावांना ते कळत नव्हते असे म्हणायलाही जागा नाही. सुरतेची लूट वाचवताना दहा हजार स्वार हाताखाली राखून दिवसभर लढणारा हाच माणूस होता. नेसरीला तो धन्याच्या रागाखाली होता, आणि त्या दिवशी सेनापतीचा विचार मागे पडला.

सेनापती पडला तरी फौज विखुरली नाही. वणीला बरोबर असलेल्या आनंदरावांनी ती सावरली, बहलोलखानाच्या जहागिरीत घुसून पेठ लुटली आणि हिशेब काही अंशी चुकता केला. हंसाजी मोहिते यांना हंबीरराव किताब देऊन सरनोबत केले गेले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांत सेनापतीच्या जागी हंबीरराव उभे होते.

गुजर घराण्याचे पुढे काय झाले?

महाराजांनी प्रतापरावांची मुलगी जानकीबाई हिला सून करून घेतले. राजाराम महाराजांशी तिचे लग्न मार्च १६८० मध्ये रायगडावर झाले, महाराजांच्या निधनाच्या जेमतेम काही आठवडे आधी. कडक निरोपाचे शल्य महाराजांना होते, असा या सोयरिकीचा अर्थ अनेक इतिहासकारांनी लावला आहे. घराण्याची परीक्षा तिथेही संपली नाही. औरंगजेबाच्या छावणीत कैदेत असलेल्या शाहूराजांच्या धर्मांतराचा प्रसंग १७०० च्या सुमारास आला. तेव्हा त्यांच्याऐवजी प्रतापरावांचा मुलगा खंडेराव याने इस्लाम स्वीकारला, असे मराठी इतिहासकार सांगतात. सुटकेनंतर शाहू महाराजांनी गुजरांची जाण ठेवून त्यांना इनाम दिले.

आठवण नेसरीचीच का टिकली?

नेसरीला प्रतापरावांचे स्मारक आहे, भोसरे गावातही आहे. सात वीरांवरच्या कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि तिला हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेल्या चालीने नेसरी घरोघरी पोहोचवली. योगायोग असा, की कुसुमाग्रजांचे बालपण गेले ते पिंपळगाव बसवंतला. वणीच्या दक्षिणेला असलेले हे गाव प्रतापरावांच्या मोठ्या लढाईच्या मुलखाला लागूनच आहे. पण कवितेला लढाईपेक्षा बलिदान अधिक भावते. दहा हजार स्वारांनी शिस्तीत पिछाडी सांभाळली आणि लुटीचा तांडा घाट उतरून गेला, यावर गाणे होणे कठीण.

साल्हेरला आता जागतिक ओळख मिळाली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत नाशिक जिल्ह्यातला हा किल्ला आहे. समुद्रसपाटीपासून १५६७ मीटर उंचीचा साल्हेर महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. किल्ला असल्यामुळे त्याला तट आहे, दरवाजे आहेत, नकाशावर सीमा आखता येते. वणी-दिंडोरीच्या लढाईचे तसे नाही. तिचा ठावठिकाणा म्हणजे एक खिंड, एक पठार आणि त्यांतून जाणारी नाशिकची वाट. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागा, गोदामे आणि कारखाने वाढत आहेत, रस्ते रुंद होत आहेत. अशा ठिकाणी एकाच चौकात पुतळा उभारून काम भागत नाही. चांदवड, कांचनबारी, वणी आणि दिंडोरी या चार ठिकाणी फौज कुठून आली, कुठे थांबली आणि कुठे गेली हे सांगणारे साधे फलक लावले, तर नाशिकहून गडाला निघालेल्या माणसाला लढाई तिच्या खऱ्या आकारात दिसेल. त्या फलकांवर प्रतापरावांच्या नावाशेजारी भीमसेन सक्सेनाचेही नाव असायला हरकत नाही. इखलासखानाची चिलखते उंटांवरच राहिली होती, यांसारखा तपशील आपल्यापर्यंत आला तो त्याच्या लेखणीतून.